भोक बुजवलं की दुसरीकडे पडतं: सेन्सर नेटवर्कचं कव्हरेज टिकत का नाही

सेन्सर नेटवर्क म्हणजे सेन्सर असलेल्या आणि एकमेकींशी रेडिओने बोलणाऱ्या छोट्या डब्यांचं, म्हणजे नोडचं, जाळं. जिथलं त्याला काही कळत नाही ती जागा म्हणजे भोक. तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते: "मागच्या महिन्यात चार नोड वाढवले, सगळं हिरवं झालं, आणि आता पुन्हा भोक. तेही भलतीकडेच." त्यापुढचा प्रश्नही ठरलेला असतो: "अजून किती नोड लावू?"

हा प्रश्न मी स्वतःला तीनदा विचारलाय आणि तिन्ही वेळा चुकीचं उत्तर दिलंय. बंद गोदामात माणसाची हालचाल टिपणारं चाळीस-एक नोडचं जाळं होतं. प्रत्येक नोडला पीआयआर सेन्सर (उष्णतेतला बदल ओळखणारा), दोन डबल-ए सेल आणि २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ. सगळ्यांचे निरोप गोळा करणारा गेटवे ऑफिसच्या कोपऱ्यात. दर वेळी भोक दिसलं तिथे मी नोड ठोकला आणि दर वेळी दोन-तीन आठवडे बरे गेले. त्या तिन्ही भोकांची कारणं वेगवेगळी निघाली, आणि नोड कमी पडले म्हणून भोक पडलं असं त्यातल्या एकाही ठिकाणी नव्हतं. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असा प्रकार चालला होता.

म्हणून इथे आधी भोक कशाचं आहे ते ओळखायचं, मग ते कधी पडतं ते बघायचं, आणि नोडची संख्या वाढवायची गोष्ट सगळ्यात शेवटी काढायची.

हिरवा ठिपका नेमकं काय सांगतो

नोडभोवती दोन वर्तुळं असतात. एक सेन्सरचं: किती अंतरावरची घटना त्याला कळते. दुसरं रेडिओचं: किती अंतरावरच्या शेजाऱ्याशी तो बोलू शकतो. दोन्हींना आपण बोलताना 'रेंज'च म्हणतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. बहुतेक डॅशबोर्ड, म्हणजे जाळ्याची स्थिती दाखवणारे पडदे, ज्या नोडकडून गेल्या काही मिनिटांत पॅकेट (डेटाचा एक निरोप) आलं तो हिरवा दाखवतात. हा झाला रेडिओचा नकाशा. त्या नोडला समोरचं काही दिसतंय की नाही, याबद्दल तो अवाक्षर बोलत नाही.

या दोन वर्तुळांचं नातं सांगणारा एक जुना आणि उपयोगी नियम आहे. रेडिओची त्रिज्या सेन्सरच्या त्रिज्येच्या निदान दुप्पट असेल, तर क्षेत्र पूर्ण झाकलं की नोड एकमेकांशी जोडलेले असणारच. जोडणीचा वेगळा हिशेब करावा लागत नाही. पीआयआर आठ मीटर बघतो आणि रेडिओ तीस मीटर पोचतो, तेव्हा काळजी फक्त सेन्सरची करायची. पण सेन्सर लांब पल्ल्याचा आणि रेडिओ जमिनीलगत किंवा लोखंडी रॅकमध्ये अडकलेला, अशी मांडणी असेल तर नियमाची अट मोडते. मग क्षेत्र कागदावर झाकलेलं असतं, प्रत्यक्षात मात्र नोड घटना बघतो आणि ती सांगायला त्याला कोणी भेटत नाही.

भोक कुठल्या जातीचं आहे हे ओळखायला मी पॅकेटवरचा अनुक्रमांक वापरतो. फर्मवेअरमध्ये, म्हणजे नोडच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये, तो नसेल तर आजच घाला, बाकी सगळं नंतर. प्रत्येक नोडने दर पॅकेटला एक आकडा वाढवत जायचं, बस. मग गेटवेच्या लॉगमध्ये एका नोडच्या ओळी काढून बघा. ४१२, ४१३, ४१७, ४१८ असं दिसलं तर नोड जिवंत आहे आणि मधली पॅकेट हवेत हरवलीत: रेडिओचा प्रश्न. ४१२, ४१३, ४१४ असे आकडे सलग येतायत पण समोरून माणूस गेल्याची नोंद नाही, तर सेन्सर आंधळा आहे. आणि ४१२, ४१३, ०, १, २, ०, १ असं दिसलं तर नोड पुन्हा पुन्हा रीबूट होतोय. याचं कारण बहुधा सेल. मोकळ्या अवस्थेत मीटर २.७ व्होल्ट दाखवतो म्हणून आपण सेलला दोष देत नाही. पण सेल जुना किंवा थंड झाला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो आणि रेडिओने वीस-एक मिलिअँपिअर ओढले की त्या क्षणापुरतं व्होल्टेज कोसळतं. व्होल्टेज मोजायचं ते पॅकेट पाठवत असताना.

आणखी एक लबाड प्रकार आहे. नोड नियमित बोलतो, अनुक्रमांक सलग येतो, पण वाचन दिवसेंदिवस अगदी तेच, किंवा अशक्य. ओल शिरलेल्या नोडचं हे लक्षण. अमेरिकेत मेनच्या किनाऱ्याजवळच्या ग्रेट डक बेटावर २००२ साली समुद्रपक्ष्यांच्या बिळांवर लक्ष ठेवायला असं जाळं लावलं होतं. त्याच्या नोंदी तपासल्यावर आढळलं की आर्द्रतेचा सेन्सर वेडेवाकडे आकडे द्यायला लागला की तो नोड लवकरच मरतो. म्हणून 'पॅकेट आलं' याच्या जोडीला 'वाचनात चढउतार आहे का' हीही तपासणी ठेवा. दोन दिवस आकडा हललाच नाही, तर तो ठिपका हिरवा धरू नका.

हे सगळं झालं की पायी फेरी मारा. नोडला असं फर्मवेअर घाला की सेन्सरला काही कळलं की एलईडी लागावा, रेडिओ चालो वा न चालो. एक जण चालतो, दुसरा एलईडी बघून हाक देतो, चालणारा तिथेच खडूने फरशीवर खूण करतो. आमच्या गोदामात मी रॅकमधल्या वाटेवरून सेन्सरसमोरून आडवा गेलो तेव्हा आठ मीटरवर दिवा लागला. त्याच वाटेच्या टोकाकडून सरळ सेन्सरच्या दिशेने चालत आलो, तर जेमतेम तीन मीटर उरले तेव्हा लागला. नकाशावर दोन्हीकडे आठ मीटरचं सुबक वर्तुळ होतं. फरशीवर खडूने जे उमटलं ते दोन्ही बाजूंना पसरलेलं आणि समोर चेपलेलं होतं.

याचं कारण पीआयआरच्या रचनेतच आहे. आत विरुद्ध दिशेने जोडलेले दोन घटक असतात आणि पुढची भिंगं समोरच्या जागेचे पट्टे पाडतात. माणूस पट्टे ओलांडत आडवा गेला की दोन घटकांना आळीपाळीने उष्णता लागते आणि जोरदार सिग्नल मिळतो. तो सरळ चालून आला तर एकाच पट्ट्यात राहतो. त्यामुळे वाटेच्या टोकाला, वाटेकडे तोंड करून लावलेला पीआयआर ही दिसायला झकास आणि कामाला सर्वांत वाईट जागा. आम्ही बारा नोड बाजूच्या रॅकवर वळवून लावले आणि पहिलं भोक एकही नवा नोड न घेता बुजलं.

भोक किती वाजता पडतं

परत परत पडणाऱ्या भोकाचा सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे त्याची वेळ. एकूण किती टक्के कव्हरेज आहे हा आकडा इथे निरुपयोगी; तो सगळं सपाट करून टाकतो. दर नोडची, दर तासाची पट्टी काढा, निदान दोन आठवड्यांची. रोज ठरावीक वेळी पडणारं भोक, हळूहळू वाढणारं भोक, पावसानंतरचं भोक आणि मधूनच डोळा मिचकावल्यासारखं पडणारं भोक हे चार वेगळे आजार आहेत.

आमचं दुसरं भोक रोज दुपारी पडायचं. साडेबाराच्या सुमाराला पत्र्याच्या छपराखालच्या एका ओळीतले नोड आंधळे व्हायचे आणि पाचनंतर आपोआप सुधारायचे. अनुक्रमांक सलग, व्होल्टेज ठीक, म्हणजे रेडिओ निर्दोष. मी तरी त्या ओळीत दोन नोड वाढवलेच. तेही दुपारी आंधळे.

पीआयआरला माणूस दिसत नाही. त्याला माणूस आणि पार्श्वभूमी यांच्या तापमानातला फरक दिसतो. अंगाचा आणि कपड्यांचा बाहेरचा पृष्ठभाग साधारण तिशीच्या वरच्या अंशांत असतो. मागची भिंत वीस अंशांवर असेल तर माणूस ठळक उठून दिसतो. भिंतच पस्तिशीला टेकली की तो पार्श्वभूमीत विरघळतो. गंमत म्हणजे भिंत आणखी तापली तर माणूस उलट थंड डागासारखा पुन्हा दिसायला लागतो, त्यामुळे नोंदी बघणाऱ्याला वाटतं की सेन्सर मधूनच बिघडतो आणि मधूनच सुधारतो.

याचा नोडच्या संख्येवर होणारा परिणाम मोठा आहे, कारण झाकलेलं क्षेत्र त्रिज्येच्या वर्गाने बदलतं. सकाळी आठ मीटर असलेली त्रिज्या दुपारी पाच झाली, तर तेवढीच जागा झाकायला ६४ भागिले २५, म्हणजे अडीचपटीहून जास्त नोड लागतील. एवढे नोड घेण्यात शहाणपण नाही. आम्ही काही सेन्सरची तोंडं तापणाऱ्या पत्र्याकडून काँक्रीटच्या भिंतीकडे फिरवली आणि जिथे ते शक्य नव्हतं तिथे दुसऱ्या तत्त्वावर चालणारे, छोटे मायक्रोवेव्ह सेन्सर लावले. मात्र एक नियम कायमचा केला: मांडणीचा हिशेब दिवसातल्या सर्वांत वाईट तासाच्या त्रिज्येवर करायचा. डेटाशीटवरची, म्हणजे उत्पादकाच्या तांत्रिक पत्रकावरची, त्रिज्या प्रयोगशाळेतली असते.

ठरावीक वेळी पॅकेट हरवत असतील, म्हणजे अनुक्रमांकात खाचा पडत असतील, तर आधी वाय-फायकडे बघा. ८०२.१५.४ या, अशा नोडच्या रेडिओंसाठीच्या मानकाचे २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात ११ ते २६ असे सोळा चॅनेल असतात. आसपासचं वाय-फाय १, ६ आणि ११ वर असेल तर त्याच्या पसाऱ्यातून जवळपास मोकळे सुटतात ते २५ आणि २६. २६ वर काही रेडिओ मॉड्यूल नियमांपायी कमी शक्तीने पाठवतात, म्हणून मी आधी २५ वापरून बघतो.

पावसानंतर किंवा झाडोरा वाढल्यावर पडणारं भोक उघड्यावरच्या जाळ्यांत येतं. तिथे पहिली शंका अँटेनाच्या उंचीची घ्या. रेडिओ लहरी दोन अँटेनांमधल्या सरळ रेषेने जातात हे अर्धसत्य आहे; त्या रेषेभोवती एक फुगीर जागा मोकळी लागते, तिला फ्रेनेल झोन म्हणतात. २.४ गिगाहर्ट्झवर १०० मीटरच्या अंतरात मध्यावर तिची त्रिज्या सुमारे १.७७ मीटर भरते आणि निदान साठ टक्के, म्हणजे मीटरभर, मोकळी हवी. नोड जमिनीपासून वीतभर उंचीवर खुंटीला बांधला असेल तर ही जागा आधीच मातीत घुसलेली आहे. त्यात गुडघाभर गवत उगवलं आणि ते ओलं झालं की शेवटची मेख ठोकली गेली. नोड वाढवण्याआधी खांब वाढवा.

पाळी बदलताना

हे मिचकावणारं भोक शोधायला मला सर्वांत जास्त वेळ लागला, म्हणून यावर जरा थांबतो.

सेल वाचवायला आपण एकाच जागेवर डोळा ठेवणारे दोन नोड पाळीने जागवतो: दहा मिनिटं हा, दहा मिनिटं तो. वाचवायलाच हवेत, कारण ऐकत बसलेला रेडिओ बोलणाऱ्याइतकंच खातो. सीसी२४२० या एके काळी घरोघरी असलेल्या रेडिओ चिपचा आकडा बघा: पाठवताना १७.४ मिलिअँपिअर, ऐकताना १८.८. म्हणजे गप्प बसून ऐकणं महाग. अडीच हजार मिलिअँपिअर-तासांचे सेल सतत ऐकत राहिले तर साडेपाच दिवसांत संपतात. शंभरातला एकच भाग ऐकलं तर ढोबळमानाने दीड वर्ष जातात. तेव्हा झोपणं आवश्यक. प्रश्न पाळी बदलतानाच्या फटीचा आहे.

पहिली फट घड्याळाची. नोडचं घड्याळ चालवणाऱ्या साध्या क्रिस्टलची चूक ४० पीपीएम (दहा लाखांत चाळीस) धरली तर दिवसाला साडेतीन सेकंद होतात. एक नोड पुढे आणि दुसरा मागे पळाला तर सात सेकंद. महिनाभर कोणी वेळ जुळवून दिली नाही, तर साडेतीन मिनिटं. शिवाय ३२.७६८ किलोहर्ट्झचं घड्याळी क्रिस्टल २५ अंशांपासून जितकं दूर जाईल तितकं मंदावतं, तेही अंतराच्या वर्गाने. ५५ अंश तापलेल्या डबीत सुमारे ३० पीपीएमची भर पडते. सावलीतला नोड आणि उन्हातला नोड एकमेकांच्या वेळेला कधीच धरून राहत नाहीत. एकट्या नोडच्या लॉगमध्ये हे दिसतही नाही, कारण त्याच्या स्वतःच्या घड्याळाप्रमाणे तो अगदी वेळेवर असतो. दोघांच्या नोंदी गेटवेच्या घड्याळावर शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा मला ती रिकामी पट्टी दिसली.

दुसरी फट मी पूर्ण विसरलो होतो. नोड उठला, रेडिओ उठला, 'मी आलो' असं पॅकेटही पाठवलं. सेन्सर मात्र उठलेला नव्हता. पीआयआरला वीज दिल्यावर स्थिर व्हायला अर्धं ते एक मिनिट लागतं. तोवर तो एक तर खोट्या घटना कळवतो, नाही तर काहीच कळवत नाही. हीटर असलेल्या गॅस सेन्सरला तर याहून पुष्कळ जास्त वेळ लागतो. दर दहा मिनिटांच्या पाळीत पहिलं मिनिट आंधळं म्हणजे वेळेच्या हिशेबाने दहा टक्के भोक, आणि नकाशावर त्याचा पत्ता नाही.

उपाय सोपे निघाले. पीआयआरची वीज तोडायचीच नाही. तो मायक्रोअँपिअरमध्ये खातो, त्याला झोपवून काही वाचत नाही. झोपवायचा तो रेडिओ आणि प्रोसेसर. आणि पाळी घड्याळावर बदलायची नाही, निरोपावर बदलायची: दुसरा उठला, त्याचा सेन्सर तयार झाला, त्याने तसं कळवलं, तरच पहिल्याने झोपायचं. ठरलेल्या वेळेत निरोप नाही आला तर पहिला जागाच राहील आणि गेटवेला तक्रार करेल. आयत्या प्रोटोकॉलमध्ये ही सोय नसेल, तर निदान दोन पाळ्या एकमेकींवर चढवा. किती? दोन वेळजुळवण्यांमधल्या काळात होऊ शकणाऱ्या वाईटात वाईट चुकीच्या दुप्पट, अधिक सेन्सरचा तयारीचा वेळ.

दिव्याखाली अंधार

हळूहळू वाढणारं भोक गेटवेच्या जवळ सुरू होत असेल, तर दुसरं काही तपासत बसू नका. पॅकेट एका नोडकडून दुसऱ्याकडे, अशा उड्या (हॉप) मारत गेटवेपर्यंत पोचतात. लांबचे नोड स्वतःचंच पॅकेट पाठवतात, जवळचे स्वतःचं आणि मागच्या सगळ्यांचं. गोल क्षेत्र घ्या, मध्ये गेटवे, आणि क्षेत्राची त्रिज्या एका हॉपच्या पाचपट. नोड समान पसरलेले असतील तर गेटवेला थेट भेटणारे पंचवीसातला एक, म्हणजे चार टक्के. शंभर नोडमधले ते चार जण शंभर जणांची पॅकेट वाहतात; प्रत्येकी पंचवीस. कडेचा नोड वाहतो एक.

आता तुम्ही कडेला भोक दिसलं म्हणून तिथे पंचवीस नोड वाढवले. त्या चौघांच्या डोक्यावर १२५ पॅकेट झाली, प्रत्येकी एकतीसच्या वर. निरोप वाहण्यातच त्यांची मुख्य खपत होत असेल तर त्यांचं आयुष्य एक पंचमांशाने घटलं. ते मेले की मागचं सगळं जाळं जिवंत असूनही मुकं. तक्रारीतल्या 'भलतीकडेच'चा उगम बहुतेक इथे असतो, आमच्या तिसऱ्या भोकाचाही होता. कडेला नोड ठोकत गेलो आणि ऑफिसजवळचे सेल दोन महिन्यांत बसले.

यावर माझ्या मते सगळ्यात चांगला उपाय म्हणजे दुसरा गेटवे, पहिल्यापासून शक्य तितका दूर. ओझं वाटलं जातं, हॉप कमी होतात आणि एक गेटवे पडला तरी जाळं बोलत राहतं. तो परवडत नसेल तर असलेला गेटवे कोपऱ्यातून उचलून मध्यावर आणा. ऑफिसजवळ प्लग आहे म्हणून तो कोपऱ्यात बसवलेला असतो, दुसरं काही कारण नसतं. तिसरा मार्ग, वाटेतल्या नोडने दहा पॅकेटचं एक करून पुढे पाठवणं. तापमानासारख्या वाचनांना हे छान लागू पडतं, घुसखोरीच्या इशाऱ्याला नाही. नोडचे गट करून, गटाचे निरोप गेटवेला पोचवणारा गटप्रमुख आळीपाळीने बदलण्याची लीच (LEACH) ही पद्धत २००० सालापासून प्रसिद्ध आहे, पण तिच्या मूळ रूपात प्रत्येक प्रमुख गेटवेपर्यंत थेट पोचू शकतो असं गृहीत धरलंय. मोठ्या जागेत किंवा लोखंडी रॅकमध्ये ते गृहीतक पहिल्याच दिवशी कोलमडतं. गेटवेजवळच्या नोडना मोठा सेल किंवा भिंतीवरची वीज देणं हा फार हुशारीचा उपाय नाही, पण तो चालतो.

नोड खरंच कमी असतील तर

असंही असतं. मग अंदाजाने लावू नका, हिशेब करा.

१०० मीटर बाय १०० मीटर जागा आणि १० मीटर त्रिज्येचा सेन्सर धरू. त्रिकोणी मांडणीत, म्हणजे शेजारी-शेजारी अंतर त्रिज्येच्या १.७३ पट ठेवलं, तर एक नोड सुमारे २६० चौरस मीटर सांभाळतो आणि कडा सोडून ३९ नोड पुरतात. एकसारख्या वर्तुळांनी सपाट जागा झाकायची याहून काटकसरीची रीत नाही, हे १९३९ सालीच सिद्ध झालंय. चौकोनी मांडणीत अंतर १.४१ पट आणि नोड ५०. स्वैर विखुरले तर ९५ टक्के झाकायला ९५ आणि ९९ टक्के झाकायला जवळपास १४७. शेवटच्या चार टक्क्यांसाठी पन्नासहून जास्त नोड! विखुरलेल्या जाळ्यात नोड वाढवत राहून भोकं संपत नाहीत, हे या आकड्यांवरूनच दिसतं. नवा नोडही बहुतेक वेळा आधीच झाकलेल्या जागीच पडतो.

कडांचा हिशेब वेगळा लागतो. भिंतीलगतच्या नोडचं अर्धं वर्तुळ बाहेर वाया जातं, कोपऱ्यातल्याचं तीन चतुर्थांश. म्हणून भोकं कडांना आणि कोपऱ्यांत जास्त असतात. नोड भिंतीवर बसवायचा मोह टाळून त्रिज्येच्या साधारण अर्ध्या अंतराने आत घ्या.

पुढचा नोड कुठे? रिकाम्या दिसणाऱ्या जागेच्या मधोमध, असं डोळा सांगतो, डोळा फसवतो. प्रत्येक नोडची 'हद्द' आखा: बाकी कुठल्याही नोडपेक्षा जी जागा त्याला जवळची, ती त्याची. या हद्दींच्या आकृतीला व्होरोनॉय म्हणतात आणि पायथॉन भाषेच्या सायपाय (SciPy) लायब्ररीमध्ये तिचं तयार फंक्शन आहे. हद्दीचा जो कोपरा आपल्या नोडपासून त्रिज्येपेक्षा लांब, तिथे भोक. सगळ्यांत लांबचा कोपरा ही पुढच्या नोडची पहिली उमेदवार जागा. एक ठेवा, आकृती पुन्हा काढा, मग दुसरा. चार नोड एकदम ठेवू नका, कारण पहिल्यामुळेच बाकीच्या तिघांची जागा बदलते. एक सावधगिरी: कडेच्या हद्दी बाहेर अनंतापर्यंत जातात, त्या जागेच्या सीमेवर कापून घ्या. हे किचकट वाटलं तर त्रिज्येच्या दहाव्या भागाएवढ्या अंतराने सगळ्या जागेवर ठिपके टाका आणि प्रत्येक ठिपक्याला सर्वांत जवळचा नोड किती लांब ते मोजा. अडाणी पद्धत आहे, पण रॅक, खांब, भिंती आड येत असतील तर तीच बरी, कारण 'मध्ये भिंत आहे का' ही अट तिच्यात एका ओळीत बसते. आणि वर्तुळाऐवजी खडूने मिळालेला आकार वापरा.

दुरुस्ती टिकेल का हे तपासताना

दुरुस्तीनंतर मी टक्केवारी बघत नाही. मी एक नोड बंद करतो आणि फेरी मारतो. मग तो चालू करून दुसरा बंद. ज्याच्या बंद होण्याने सर्वांत मोठं भोक पडतं, तो नोड कागदावर लाल शाईने लिहायचा. पुढची तक्रार तिथूनच येणार. महत्त्वाच्या जागी प्रत्येक बिंदूवर दोन नोडचा डोळा असावा. याचा दुसरा फायदाही आहे. वर्तुळाच्या कडेला सेन्सरला घटना दहातून सहा वेळाच कळत असेल, पण तिथे दोघे असतील आणि त्यांच्या चुका एकमेकांवर अवलंबून नसतील, तर निदान एकाला कळण्याची शक्यता ८४ टक्के होते, तिघे असतील तर जवळपास ९४. मात्र 'एकमेकांवर अवलंबून नसतील' ही अट विसरू नका. तापलेल्या पत्र्याकडे तोंड केलेले तीन पीआयआर दुपारी एकाच वेळी आंधळे होतात. तिथे हा गुणाकार लागू नाही. एक पीआयआर आणि एक मायक्रोवेव्ह, अशी जोडी तिथे तीन पीआयआरना भारी पडते.

फेरी तीन वेळा मारा: पहाटे, भर दुपारी, आणि पाळी बदलण्याच्या मिनिटाला. सेल नवे असताना एकदा, अर्धे उतरल्यावर एकदा.

गोदामातल्या त्या जाळ्यातून शेवटी मी नंतर वाढवलेल्या नोडपैकी सहा काढून टाकले, दुसरा गेटवे मागच्या भिंतीवर लावला आणि मूळचा गेटवे ऑफिसमधून काढून मधल्या खांबावर नेला. ऑफिसजवळच्या नोडचे सेल आता बाकीच्यांच्या बरोबरीने उतरतात. शटरच्या दारापाशी एक जागा मात्र उन्हाळ्यात दुपारी अजून लाल होते. तिथे मायक्रोवेव्ह सेन्सर लावून बघितला, तर वाऱ्याने शटर हललं तरी इशारा यायचा, म्हणून काढला. त्या पट्ट्यासाठी दुपारी बारा ते चार दाराचा चुंबकी स्विच वापरतो, आणि नकाशावर ती जागा मुद्दाम लालच ठेवलीय.